प्रति: 'गो ऑफ' म्हणजे चालू की बंद?

वर कोणीतरी विचारलंय की 'लाईट वेंट ऑफ' म्हणजे लाईट गेली, मग 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला हे कसं काय. शंका रास्त आहे, पण स्विचवर लिहिलेला ऑफ तेवढाच खरा धरला की ही गडबड होणारच. ऑफ (off) आणि ऑव्ह (of) मुळात एकाच शब्दाची दोन रूपं, भाव 'पासून दूर, सुटून' असा. बंदुकीचा घोडा ओढला की अडकवून ठेवलेलं सुटतं आणि बार उडतो, म्हणून गन गोज ऑफ, बॉम्ब पण तसाच, अलार्म पण त्याच रांगेत बसवा.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात लंडनच्या टीमचा मेसेज आलेला, सर्व्हर रूमचा अलार्म रात्री दोनला वेंट ऑफ, आणि शिफ्टवरचा नवीन पोरगा बंद झाला ना मग चला म्हणून निवांत चहा प्यायला खाली!

बाकी मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणजे दूध नासलं (हे ब्रिटिश, अमेरिकेत गॉन बॅड म्हणतात), आय हॅव गॉन ऑफ कॉफी म्हणजे कॉफीवरून मन उडालं, आणि कार्यक्रम वेंट ऑफ वेल म्हणजे नीट पार पडला.

पण इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं 'लागणे' बघा की राव. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, विरार फास्ट प्लॅटफॉर्मला लागते, दूध खाली लागतं, आणि कहर म्हणजे लाईट लागली तर चालू पण दार लागलं तर बंद. टेक ऑफवर कोणीतरी लिहा आता, त्यात पण भरपूर माल आहे.