महासत्तांची स्पर्धा महायुद्धापर्यंत नेमकी कशी पोहोचते? (१९१४ च्या संदर्भात)

इतिहासवेडा (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धाचे कारण म्हणून शाळेत आपण साराजेव्हो येथे सर्ब राष्ट्रवाद्याने केलेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या पाठ केली आणि तिच्या जोडीला साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार व राष्ट्रवाद ही यादीही. पण ही सगळी कारणे १९०५ साली मोरोक्कोच्या प्रश्नात, १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा आणि १९११ साली मोरोक्कोतील अगादीर बंदराच्या पेचातही हजर होती, तरीही त्या प्रत्येक वेळी युद्ध टळले. मग १९१४ मध्येच ते का टळले नाही? ब्रिटन आणि जर्मनी यांची आरमारी चढाओढ हे मूळ कारण मानावे, तर ठिणगी बाल्कनमध्ये का पडली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दर्यावर्दी

आरमारी चढाओढीने युद्ध घडवले असे मला वाटत नाही, पण ब्रिटन कोणाच्या बाजूने उभा राहील हे ठरवण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. आरमारमंत्री टिर्पिट्झ यांच्या आग्रहामुळे जर्मनीने १८९८ आणि १९०० साली आरमारविषयक कायदे करून मोठ्या युद्धनौका बांधायला घेतल्या. ज्या देशाचे धान्यच समुद्रावरून येते, त्याला हे आव्हान जिवावरचे वाटणे स्वाभाविक होते. १९०६ साली ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरवली आणि तिच्यापुढे आधीच्या सर्व युद्धनौका, ब्रिटनच्या स्वतःच्या नौकांसह, जुनाट ठरल्या. त्यामुळे जर्मनीला बरोबरीची आशा वाटू लागली. परिणाम असा झाला की, १८९८ साली सुदानमधील फाशोदा येथे ज्या फ्रान्सशी युद्ध होता होता राहिले त्याच्याशी ब्रिटनने १९०४ साली जुळवून घेतले आणि १९०७ साली रशियाशीही. मात्र १९१३ पर्यंत जर्मनीने आपले लक्ष पुन्हा भूदलाकडे वळवले होते. शर्यत संपत आली होती, पण तिच्यामुळे पडलेले गट तसेच राहिले.

सातारकर

दर्यावर्दी यांच्याशी सहमत आहे. मात्र ‘१९१४ मध्येच का’ याचे उत्तर मला समुद्रापेक्षा रेल्वेत दिसते.

१९०५ साली रशिया जपानकडून हरलेला आणि क्रांतीने पोखरलेला होता, म्हणून बोस्नियाच्या वेळी त्याला अपमान गिळावा लागला. पुढे त्याने फ्रान्सच्या कर्जातून पश्चिम सीमेकडे जाणारे लोहमार्ग वाढवायला घेतले आणि सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा करायचे ठरवले. जर्मनीची युद्धयोजना मात्र रशियाची जमवाजमव संथ असते, तेवढ्यात सुमारे सहा आठवड्यांत फ्रान्सला नमवायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे, या एकाच गृहीतकावर उभी होती. रशियन रेल्वे वेगवान झाली की ती योजना निकामी ठरणार होती. त्यामुळेच डिसेंबर १९१२ मध्ये कैसरसमोरच्या (जर्मन सम्राटासमोरच्या) बैठकीत सरसेनापती मोल्टके यांनी युद्ध अटळ आहे आणि ते जितक्या लवकर होईल तितके बरे, असे मत मांडले. ‘आज जिंकू शकतो, उद्या कदाचित नाही’ असे ज्या सत्तेला वाटते, ती तडजोडीसाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट मित्रराष्ट्रांची. बाल्कन युद्धांच्या काळात जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरले होते. ५ जुलै १९१४ रोजी मात्र त्याला बिनशर्त पाठिंब्याचे वचन दिले, कारण हा एकच भरवशाचा मोठा मित्र उरला होता. रशियाला गमावण्याच्या भीतीने फ्रान्सनेही त्याला आवरले नाही. म्हणून ठिणगी बाल्कनमध्ये पडूनही आग युरोपभर गेली. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली, २८ ला युद्ध पुकारले, ३० ला सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाच्या झारने सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला आणि १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध युद्धात उतरला. त्याच दिवशी कैसरने सगळे सैन्य पूर्वेकडे वळवता येईल का असे विचारले, तेव्हा लाखो सैनिकांच्या हालचालीचे वेळापत्रक ऐनवेळी बदलता येत नाही, असे मोल्टके यांनी सांगितले. ते वेळापत्रक बेल्जियममधून जात होते, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने १८३९ सालीच दिलेली होती.

तिसरी बाजू

सातारकर, आपले विवेचन आवडले, पण त्यातून माणसे सुटून जातात आणि दोष वेळापत्रकावर जातो, हे मला पटत नाही. सर्बियाचे उत्तर वाचून २८ जुलैच्या सकाळी खुद्द कैसरने युद्धाचे कारण उरले नाही, असे लिहिले होते. चान्सलर बेथमान-होल्वेग यांनी ते व्हिएन्नाला तातडीने आणि नेमकेपणाने कळवले नाही, आणि ऑस्ट्रियाने त्याच दिवशी युद्ध पुकारले. शिवाय स्पर्धेचा शेवट नेहमी युद्धातच होतो असे नाही. १८९५ साली व्हेनेझुएलाच्या सीमावादावरून ब्रिटन आणि अमेरिका एकमेकांसमोर उभे ठाकले होते, पण ब्रिटनने लवाद मान्य केला आणि अमेरिकेचा उदय युद्धाविना स्वीकारला.

सातारकर

आक्षेप रास्त आहे. वेळापत्रकही माणसांनीच आखले आणि पर्यायी योजना ठेवायची नाही, हेही माणसांनीच ठरवले. माझे म्हणणे एवढेच की त्यामुळे विचार बदलायला लागणारे दिवस हातात राहिले नाहीत.

दर्यावर्दी

एक पुरवणी, कारण आरमारी शर्यतीचे टोक आपल्या दारापर्यंत येते. वेग वाढवण्यासाठी ब्रिटनने नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालवायचे ठरवले आणि १९१४ साली इराणातील तेल कंपनीत सरकारी भांडवल घातले. तुर्कस्तान युद्धात उतरताच त्या तेलाच्या रक्षणासाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातात, आजच्या इराकमधील फाओ येथे फौज उतरवण्यात आली. ती होती सहाव्या पुणे डिव्हिजनची, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. हीच डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून इराकमधीलच कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. कैदेत गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींचे जवान होते.