सी-विंगचे शिंदे, बुरशी आणि डक्टमधली कबुतरं (नेरुळमधल्या एका सोसायटीचा ग्रुप)

पाटील (सेक्रेटरी): डक्टच्या कबुतरजाळीची कोटेशन्स आली आहेत. रविवारी मीटिंगमध्ये ठरवू.

साळवी (ए-२०३): जाळी हवीच! शिंद्यांच्या फुप्फुसात बुरशी निघाली ती कबुतरांमुळेच. लिफ्ट सॅनिटाइझ करून घ्यायची का?

शिंदे वहिनी (सी-४०१): साळवी भाऊजी, लिफ्ट पुसू नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. आणि डॉक्टरांनी कबुतरांचं नावही काढलेलं नाही. ह्यांना तरुणपणी टीबी झाला होता, त्याची पोकळी राहिली होती. त्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा गोळा झालाय. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं टीबी उलटला. थुंकी निगेटिव्ह आली, मग सीटी केला आणि रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. भरपूर निघाल्या.

अनिकेत (बी-१०२): काकू, राग मानू नका, पण अँटीबॉडी भरपूर म्हणजे शरीराने बुरशी ओळखली ना? कांजिण्या एकदा झाल्या की संपलं, तसं. मग ही जात का नाही?

शिंदे वहिनी: मलाही तेच कोडं पडलंय. नेने बाई आहेत का?

साळवी: *अनेक वेळा फॉरवर्ड केलेला मेसेज* रोज सकाळी कोमट पाण्यात हळद...

पाटील: काका, फॉरवर्ड नको.

नेने बाई (बी-३०४): आहे, भाजी निवडत होते. अनिकेत, कांजिण्यांचा विषाणू जातो कुठे? मज्जातंतूंत दबून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. शरीराला जंतू आठवणं वेगळं आणि तो निपटून काढणं वेगळं.

नेने बाई: आता शिंद्यांचं. ॲस्परजिलसचे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी श्वासातून घेतो. धडधाकट फुप्फुसात मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल ह्या लढणाऱ्या पेशी ते तिथल्या तिथे खलास करतात. टीबीच्या पोकळीत मात्र नुसती हवा. रक्तपुरवठा भिंतीपर्यंत, गोळा मधे बसलेला. स्मृती पेशींना सगळं पाठ आहे, अँटीबॉडी तयार होतायत, पण लढणाऱ्या पेशी आणि औषध दोन्ही तिथवर नीट पोचत नाहीत. म्हणून इथे अँटीबॉडी वाढणं ही बरं होण्याची खूण नव्हे. उलट त्यावरून निदान करतात.

अनिकेत: म्हणजे पागडीचा भाडेकरू. सगळे ओळखतात, काढता कुणालाच येत नाही 😀

नेने बाई: हो, आणि मालक रोज दारावर लाथा घालतो त्यात भिंत त्याचीच पडते. फुप्फुस असंच खराब होत जातं.

जोशी (ए-५०२): मग २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना उगाचच बंद केला म्हणायचा?

नेने बाई: उगाच नाही. कबुतराच्या वाळक्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही दुसरी बुरशी वाढते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये मुलांचं रक्त तपासलं तर पाच वर्षांवरच्या बहुतेकांत तिच्या अँटीबॉडी निघाल्या. तिचा आजार मात्र कुणालाच नव्हता. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, बुरशीभोवती गाठ बांधून तिला कोंडतात, पण मारतातच असं नाही. आत ती वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. १९९९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मूळच्या आफ्रिकेतल्या, पण बरीच वर्षं फ्रान्समध्ये राहणाऱ्या रुग्णांमधली बुरशी तपासली. वाण आफ्रिकेतल्या रुग्णांसारखे निघाले! लागण तिकडे झालेली, आजार इकडे आला. एचआयव्हीमुळे, अवयव बदलल्यानंतरच्या औषधांनी किंवा लांबलेल्या स्टेरॉइडने टी पेशी दुबळ्या झाल्या की गाठ सुटते आणि ही बया थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जाते.

नेने बाई: पण कबुतरखान्याच्या वादात छातीचे डॉक्टर बोलत होते ते मुख्यतः तिसऱ्याच आजाराबद्दल. त्यात जंतू नसतोच. पिसं आणि विष्ठेतली प्रथिनं शरीराने शत्रू म्हणून लक्षात ठेवलेली असतात. दर वेळी श्वासात गेली की फुप्फुस सुजतं. हे चालूच राहिलं तर कायमचे वण. तिथे ती आठवणच रोग. त्यामुळे साळवी, जाळी लावाच, फक्त शिंद्यांच्या नावावर नको.

मानसी (सी-२०१): बाई, लस नाही का ह्यावर?

नेने बाई: माणसाच्या एकाही बुरशीच्या आजारावर मान्यता मिळालेली लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स दोन्ही सर्वांत वरच्या गटात आहेत.

मानसी: सासरे खोकला झाला की मेडिकलवाल्याकडून एक छोटी गोळी आणतात. लगेच बरं वाटतं म्हणतात. शुगर आहे त्यांना.

नेने बाई: पाकिटाचा फोटो पाठव. बहुधा स्टेरॉइड असणार. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकर, ती काळी बुरशी, कुणाला झाला ते आठव, शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आलेल्यांनाच जास्त. मनाने घ्यायची गोळी नाही ती. पण रोज घेत असतील तर एकदम बंदही करायची नाही, आधी डॉक्टरला दाखवा. आणि हे वाचून कुणी दम्याचा स्टेरॉइडवाला इनहेलर सोडू नका, तो वेगळा विषय.

शिंदे वहिनी: आमचे हे कंपोस्टचा खड्डा ढवळतात दर रविवारी. ते चालेल?

नेने बाई: अजिबात नाही. कुजणारा पालापाचोळा म्हणजे ॲस्परजिलसचं माहेर. ह्यांना कबुतरांपेक्षा त्या खड्ड्याचा धोका जास्त. घरात पावसाळ्यात ओल येणारी भिंतही बघून घ्या. गोळ्या कुठल्या दिल्यात?

शिंदे वहिनी: इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल. निदान सहा महिने म्हणालेत.

नेने बाई: कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिने औषध नीट शोषलं जात नाही. बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही दाखवा. ह्या औषधाचं पुष्कळ गोळ्यांशी वाकडं आहे.

साळवी: मग खड्डा बुजवूनच टाकू.

नेने बाई: कशाला? पाणी शिंपडून, एन-९५ लावून धडधाकट माणसाने ढवळावा. तुम्हीच घ्या की.

पाटील: डक्ट साफ करायला जाळीवाल्याचीच माणसं येतील. त्यांना काय सांगू?

नेने बाई: सुका झाडू मारायचा नाही. विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवायची, मग खरवडायची. मास्क त्यांनाही द्या. त्या वेळात डक्टकडच्या खिडक्या सगळ्यांनी बंद ठेवा.

साळवी: खड्ड्याची किल्ली पाठवा. मास्क सोसायटीच्या खर्चाने ना?

जोशी: पावती जोडा.