मदत हवी आहे: कोल्हापुरात विशेष मुलांच्या पालकांचा नियमित भेटणारा गट आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही फुलेवाडीला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नाही. चालत नाही, टेकून बसवलं की बसतो. शब्द थोडेच, पण समजतं सगळं. दूधवाल्याची गाडी बोळात शिरली की आमच्या आधी त्याला कळतं.

कागदपत्रांबद्दल विचारत नाहीये, हे आधीच सांगते, कारण अशा धाग्यावर प्रतिसाद तिकडेच वळतात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, निरामय आरोग्य विमा काढलाय, मिस्टर आयकरात दिव्यांग मुलासाठीची वजावट घेतात, फिजिओ चालू आहे. मला माणसं हवी आहेत.

आत्तापर्यंत निम्मा भार सासूबाईंनी उचलला. आता त्यांचे गुडघे पार गेलेत. मिस्टर शिरोली एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. सकाळी पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ ठेवणारा आधार, घालायचं म्हणजे एकानं गुडघा वाकवून धरायचा आणि दुसऱ्यानं टाच खाली दाबून पट्टा ओढायचा. मी एकटी घालते तेव्हा टाच नीट बसत नाही आणि संध्याकाळी काढलं की तिथं लाल वळ दिसतो. तो वळ बघितला की त्या दिवशी मला जेवण जात नाही.

दोन वर्षांपूर्वी फिजिओच्या बाकावर कागलची एक आई भेटायची. माझ्या मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, कमरेवर घेताना मी ते ओढून वेगळे करायची आणि तो कळवळायचा. ती म्हणाली, "ताई, वडू नका वो. आधी गुडघं दुमडा, मग मांड्या आपोआप सैल पडत्यात." तिथंच करून दाखवलं. मी कितीतरी दिवस झगडत होते ते एका मिनिटात सुटलं. पुढं तिचं येणं बंद झालं. मी तिचा नंबरसुद्धा घेतला नव्हता, याची अजून हळहळ वाटते.

नातेवाईक वाईट नाहीत. पण हळदीकुंकवाला, बारशाला बोलावणं येतं ते "तुम्हाला जमणार नाही, माहीत आहे" असं म्हणतच. हळूहळू तेही थांबलं.

तर माझे प्रश्न असे.

कोल्हापुरात किंवा जवळपास, इचलकरंजी, कागल, जयसिंगपूर कुठंही, पालकांचा असा गट आहे का जो खरोखर भेटतो? व्हॉट्सॲपवर दोन ठिकाणी आहे मी, तिथं सकाळचे सुविचार येतात फक्त. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारखी दिव्यांगांसाठीची संस्था १९८४ पासून याच गावात उभी आहे, तिच्या संस्थापक नसीमादीदींचं काम बघत आपण मोठे झालो. त्यामुळे पालकांचंही काही चालू असेल आणि मलाच माहीत नसेल, अशी आशा आहे.

दुसरं, आळीपाळीनं मुलं सांभाळायचा प्रयोग कुणी केलाय का? म्हणजे एका रविवारी तुमचं मूल दोन तास माझ्याकडं, पुढच्या वेळी माझं तुमच्याकडं. यात मला सगळ्यात भीती भरवण्याची वाटते, कारण मान मागं गेली की त्याला ठसका लागतो. अनोळखी घरात हे कसं शिकवलंत? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना पालकांना थोडी उसंत मिळावी यासाठीही निघाली, तिचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर तोही सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २४व्या कलमात तर सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. ते वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं, आपला विचार कुणीतरी केलाय म्हणून.

गट नसेलच तर सुरुवात मी करते. महिन्यातला दुसरा रविवार, आमच्याकडं. घर तळमजल्यावर आहे, उंबरा नाही, व्हीलचेअर आत येते. रंकाळ्यावर भेटू असं सगळे सुचवतात, पण ९ वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला आडोसा लागतो. आजार कोणताही असो, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, काहीही, या. भावंडांनाही आणा, माझी मोठी सहावीत आहे, तिलाही कुणीतरी हवंय. आणि बाबांनी जरूर यावं. माझे मिस्टर तालमीतल्या जिवलग मित्रांशीही मुलाबद्दल बोलत नाहीत.

नंबर इथं टाकू नका, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. आणि दोन वर्षांपूर्वी फिजिओला येणारी कागलची कुणी ओळखीची असेल, तिची मुलगी तेव्हा ५ वर्षांची होती, तर तिला हा धागा दाखवा.

दुपारी २ ते ४ तो झोपतो, तेव्हा सगळ्यांना उत्तर देईन.