डेट्रॉइट लायन्सचा २०२३ चा ड्राफ्ट: तेव्हा नावं ठेवली, आता ग्रेड काय द्यायची? (२०२५ च्या ड्राफ्टआधीची चर्चा)

होनोलुलू_निळा
मंडळी, एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल) २०२५ चा ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी कॉलेजची पोरं ओळीने निवडायचा दिवस, तोंडावर आलाय आणि माझ्या डोक्यात अजून २०२३ चाच घोळतोय. त्या रात्री आपल्या प्रत्येक पिकपुढे (निवडीपुढे) मी वहीत ग्रेड लिहिली होती, काल ती वही सापडली. १२ वा पिक गिब्ज, डी. १८ वा जॅक कॅम्पबेल, सी. ३४ वा लापोर्टा, बी. ४५ वा ब्रायन ब्रँच, ए. ६८ वा हेंडन हुकर, बी.

तेव्हाचा राग आठवतोय. आपल्या जुन्या क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला), स्टॅफर्डला रॅम्सकडे पाठवून मिळालेला सहावा पिक हातात होता, तो कार्डिनल्सना देऊन बाराव्यावर उतरलो आणि घेतला कोण तर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), आणि वर त्याच जागेसाठी मॉन्टगोमरीला नुकताच साइन केलेला असताना! मग १८ ला लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला). या दोन पोझिशनसाठी पहिला राउंड घालवायचा नसतो असं जो तो सांगत होता आणि मलाही ते शंभर टक्के पटलेलं. आता दोन सीझन झाले, १२ जिंकले-५ हरले आणि १५-२. तर ग्रेड बदलायची, की टीम जिंकतेय म्हणून आपल्याला सगळंच गोड लागतंय? डिफेन्सच्या पुढच्या फळीत मध्ये खेळणारा जालेन कार्टर ९ व्या नंबरला गेला आणि ईगल्सबरोबर सुपर बोल जिंकूनही बसला, हे मला अजून टोचतं.

जुना_सिंह
बदल रे बाबा, आणि मोकळ्या मनाने बदल. मी २००३, ०४, ०५ पाहिलेत. चार्ल्स रॉजर्स दुसरा, रॉय विल्यम्स सातवा, माइक विल्यम्स दहावा, तीन वर्षं ओळीने पहिल्या राउंडला रिसीव्हर (पास झेलणारा), आणि २००८ ला ०-१६. तेव्हा ड्राफ्टच्या रात्री कौतुकही झालेलं बरं का, त्यामुळे त्या रात्रीच्या ग्रेडवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

मला २०२३ चा पहिलाच सामना आठवतो, चीफ्सच्या घरी. तिसरा क्वार्टर, आपण ७-१४ ने मागे, त्यांच्या क्वार्टरबॅकचा, महोम्सचा पास त्यांच्याच टोनीच्या हातातून निसटतो आणि ब्रँच तो झेलून ५० यार्ड पळत सुटतो तो थेट एंड झोनमध्ये. पोराचा पहिला सामना! २१-२० ने जिंकलो. ४० यार्ड ४.५८ सेकंदात पळतो म्हणून हा दुसऱ्या राउंडपर्यंत घसरला होता, आणि आपल्या जनरल मॅनेजर होम्सने तो हातचा जाऊ नये म्हणून पॅकर्सशी बोलून ४८ वरून ४५ वर उडी मारली. घाई कुठे करायची आणि थांबायचं कुठे हे त्या माणसाला कळतं. १९९१ च्या सीझननंतर प्लेऑफचा एक सामना जिंकायला आपण किती वाट पाहिली ते आमच्या पिढीला विचारा, रॅम्सना २४-२३ ने हरवलं तेव्हा मी नुसता बसून होतो, तोंडातून शब्द फुटेना.

कॉर्नर_कुठंय
दादा तुमच्या भावना समजतात पण मूळ प्रश्न तसाच राहतो. १२ ला कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा) ख्रिश्चन गोन्झालेझ हजर होता, पेट्रियट्सनी त्याला १७ ला उचलला. आपलं दुखणं कॉर्नरचंच होतं आणि ते भोवलं कुठे तर एनएफसी फायनलला, सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात. हाफटाइमला आपण २४-७ ने पुढे, आणि मग तो बॉल आपल्या व्हिल्डोरच्या हातात यायचा तर फेसमास्कवर आपटून वर उडाला आणि समोरच्या आयुकने पडता पडता झेलला, ५१ यार्ड! त्यानंतर लगेच गिब्ज आणि आपला क्वार्टरबॅक गॉफमध्ये बॉल देताघेता फंबल (बॉल सुटला), आणि शेवटी ३१-३४. गिब्ज चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणतो, पण मॉन्टगोमरीने त्याच वर्षी १०१५ यार्ड काढले की. मग बारावा पिक त्या पोझिशनवर का?

चार_नंबर_राउंड
गोन्झालेझचा खांदा चौथ्याच आठवड्यात गेला आणि त्याचं सगळं वर्ष संपलं. म्हणजे जानेवारीत तो आपल्याकडे असता तरी कदाचित कपडे घालून बाजूलाच उभा असता. हे असं "तो असता तर" धरून ग्रेड देता येत नाही. बाकी कॉर्नर हवा होता हे मान्य.

पिकांचा_हिशेब
दोन गोष्टी. ट्रेडबद्दल लोक अजून बोलतात की आपल्याला गंडवलं. जिमी जॉन्सनचा काउबॉइजच्या काळातला, प्रत्येक पिकची किंमत पॉइंटमध्ये सांगणारा जुना तक्ता घ्या. सहाव्या पिकला १६०० पॉइंट, ८१ व्याला १८५, म्हणजे आपण दिले १७८५. बाराव्याला १२००, ३४ व्याला ५६०, झाले १७६०, वर १६८ वा पिक मिळाला त्याचे थोडे. बरोबरीचा सौदा आहे. आणि ३४ व्यावर आला लापोर्टा, ज्याने पहिल्याच वर्षी ८६ कॅच घेतले, तेव्हाचा रूकी (पहिल्या वर्षाच्या) टाइट एंडचा, म्हणजे अडवणाऱ्या आणि झेलणाऱ्या खेळाडूचा, लीगचा रेकॉर्ड. त्याआधीचा टाइट एंड हॉकन्सनला २०१९ मध्ये आठव्या नंबरवर घेतला होता, त्याच आयोवा कॉलेजचा, आणि २०२२ ला भर सीझनमध्ये व्हायकिंग्सना देऊन टाकला. ती जागा दुसऱ्या राउंडच्या पिकने भरली गेली, तीही आठव्या पिकच्या मानाने कितीतरी कमी पगारात.

दुसरं, गिब्ज. तो फक्त "दुसरा रनिंग बॅक" नाहीये. पहिल्या वर्षी ५२ कॅच आहेत त्याचे. त्याला बाजूला लाइनअप केला की डिफेन्सला लाइनबॅकर सोडावा लागतो त्याच्यावर, आणि ४० यार्ड ४.३६ सेकंदात पळणाऱ्या माणसामागे लाइनबॅकर म्हणजे संपलंच. २०२४ च्या शेवटी मॉन्टगोमरीचा गुडघा दुखावला तेव्हा सगळा भार याच्यावर आला, आणि शेवटच्या सामन्यात व्हायकिंग्सविरुद्ध चार टचडाउन, प्लेऑफसाठी पहिलं सीड (क्रमांक) आपलं. एकूण २० टचडाउन त्या वर्षी. पोझिशनची किंमत वगैरे ठीक आहे पण कोच त्या माणसाला कशासाठी वापरणार ते माहीत नसताना आपण डी लिहून मोकळे होतो. कॅम्पबेलचंही तेच, पहिल्या वर्षी चाचपडत होता, पण २०२४ मध्ये दुसरा लाइनबॅकर अँझालोनचा हात मोडल्यावर कोचच्या सूचना ऐकायला हेल्मेटमध्ये रेडिओ असल्याची खूण असलेला हिरवा ठिपका याच्याकडे आला आणि हचिन्सनपासून निम्मा डिफेन्स जखमी असताना रोजची मांडणी हाच ओरडून सांगत होता.

कॉर्नर_कुठंय
हिरव्या ठिपक्याचा मुद्दा मानला. पण कमांडर्सनी २०२४ च्या सीझनच्या प्लेऑफमध्ये घरी येऊन ४५ पॉइंट ठोकले तेव्हा त्या ठिपक्याचा काहीच उपयोग झाला नाही. कार्टरसारखा मधला माणूस त्या दिवशी हवा होता, माझं मत कायम.

होनोलुलू_निळा
वही घेऊन बसलोय. गिब्जची डी खोडली, ए लिहिली. लापोर्टा ए. ब्रँच ए होताच, प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या सामन्याला) जाऊन आला. कॅम्पबेल बी, अजून एक वर्ष बघतो. क्वार्टरबॅक हुकर गुडघ्याचं ऑपरेशन झालेला असताना घेतला होता आणि अजून बाकावरच आहे, तिथे सी. कार्टरचं जुना_सिंह दादा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही टोचतंय असं धरतो. या वर्षी २८ वा पिक आहे आपला, डिफेन्सच्या पुढच्या फळीत कडेला हचिन्सनच्या दुसऱ्या बाजूला कोणी तरी हवाच. कोणाच्या मनात कोण आहे?