मदत हवी आहे: लिनक्सवर घरखर्चाचा हिशेब

नमस्कार मंडळी. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून राजारामपुरीतल्या घरच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकतोय. बाकी सगळं जमलं, अडलंय हिशेबापाशी. २००८ पासूनचा घरखर्च मायक्रोसॉफ्ट मनी या विंडोजवरच्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आहे: गावाकडचं दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, भिशीचा हप्ता, आईच्या औषधांची एकेक पावतीसुद्धा. ते मागं टाकायला जीव होत नाही.

मनीतून प्रत्येक खात्याची क्यूआयएफ फाइल (हिशेब एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) वेगळी निघते, त्यामुळं एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम दोनदा दिसते. ग्नूकॅश या लिनक्सवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये घेताना हे कुणी कसं निस्तरलं? होमबँक हा तसलाच दुसरा प्रोग्रॅम हलका आहे, पण भिशीला दुहेरी नोंदच (रक्कम कुठून आली नि कुठं गेली, दोन्ही खात्यांत लिहायची) बरी वाटते. केमायमनी हा तिसरा प्रोग्रॅम कुणी रोज वापरतंय का? एप्रिल ते मार्चचा अहवाल मात्र हवाच.