मदत हवी आहे: निर्बंध उठवण्यावरच्या वादविवादासाठी

नाशिकमधल्या कॉलेजच्या मुलांची वादविवादाची तयारी चालू आहे. विषय: 'साथीतले निर्बंध सरकारने उठवावेत का?' अनुकूल बाजूचं बरं जमलंय, प्रतिकूल बाजू लंगडी पडतेय.

मुख्य आधार घेतलाय राज्य सरकारच्या, कोरोनाच्या साथीतल्या जून 2021 च्या आदेशाचा; त्यात निर्बंधांचे पाच स्तर होते, पहिला सर्वांत सैल, पाचवा सर्वांत कडक. पॉझिटिव्हिटी (चाचण्यांपैकी किती टक्क्यांत लागण सापडली) 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड 25 टक्क्यांहून कमी भरलेले, तर पहिला स्तर. पॉझिटिव्हिटी 20 च्या वर किंवा बेड 75 च्या वर, तर पाचवा. नाशिक शहर आणि उरलेला जिल्हा हे वेगळे घटक धरले होते.

गोची पॉझिटिव्हिटीत आहे. लक्षणं नसलेल्यांच्या चाचण्या वाढवल्या की टक्का आपोआप उतरतो, साथ असते तिथेच. अँटिजेन या झटपट चाचणीत लागण निसटते, म्हणून जून 2021 च्या अखेरीस फक्त आरटीपीसीआर ही प्रयोगशाळेतली, जास्त अचूक चाचणी धरायचं ठरलं. बेडचा आकडा त्या मानाने भरवशाचा, पण उशिरा बोलतो: लागण होऊन दाखल व्हायची वेळ येईपर्यंत आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर उठवलेले निर्बंध परत लावणं महाग पडतं, दुकानदारही ऐकत नाहीत (आणि का ऐकावं?).

आता प्रश्न. मे 2021 मध्ये काही दिवस लासलगावसकट नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद होत्या. निर्बंधांचा फटका मोजायला त्या बंदच्या आधीचे आणि नंतरचे कांद्याच्या आवकेचे आणि भावाचे आकडे कुठे मिळतील? आणि 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्याने सगळेच निर्बंध काढले, तेव्हा लसीकरण झालेलं होतं. 'मग आणखी थांबायचं कशासाठी?' याला प्रतिकूल बाजूने काय उत्तर द्यावं? भावनिक नको, आकड्यात बसणारं सांगा.