चार हजार वेठबिगार आणि गजबजलेला बाजार: जमतंय का हे?

शाईचाडाग:
माझ्या कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात अडकलेय. माझी राणी जळून गेलेलं बंदर पुन्हा उभं करतेय. खजिना रिकामा, म्हणून हरलेल्या फौजेतले चार हजार कैदी वेठीला धरलेत. दुसऱ्याच वर्षी बाजारात पाय ठेवायला जागा नाही, असं मी झोकात लिहिलं. ताईनं खर्डा वाचून एवढंच विचारलं, "अगं, पण विकत कोण घेतंय?" आठ दिवस झाले, एक ओळ सुचलेली नाही. राणीला साध्वी करायचं नाहीये, वेठ राहणारच.

जुनाकारकून:
ताईंना नमस्कार सांग. वेठबिगाराच्या हातात दमडी नाही, म्हणजे पोटं चार हजार आणि गिऱ्हाईक शून्य. त्यात वेठ फुकट असते हा राजेलोकांचा भ्रम. माणशी रोज किलोभर धान्य धर, दिवसाला चार टन झालं. बंदर जळालंय, मग ते उतरतं कुठे? कोण उधार देतं? तो धान्याचा ठेकेदार हाच तुझा पहिला व्यापारी. दुसरं गिऱ्हाईक पहारेकरी, त्यांना पगार असतो. इजिप्तमध्ये राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी राजांची थडगी खोदणारे कारागीर काम टाकून बसले, कारण शिधा थकला होता. ते तर वेठीचेही नव्हते.

दगडफूल:
रशियाच्या झार पीटरनं वसवलेलं सेंट पीटर्सबर्ग बघ. १७०३ पासून हजारो शेतकरी सक्तीनं आणून दलदलीत राबवले. गवंडी कमी पडले तेव्हा १७१४ मध्ये बाकी रशियात दगडी बांधकामच बंद! शहरात येणाऱ्या गलबतांना आणि गाड्यांना दगड आणायची सक्ती. जकात पैशात नाही, दगडात. तुझ्या राणीला हे शोभेल.

जुनाकारकून:
उलटं उदाहरणही आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडननं कोळशावर कर बसवला आणि १६६७ च्या कायद्यानं बाहेरच्या सुतार-गवंड्यांना शहरात काम करायची मुभा दिली. एरवी तिथले कारागीरसंघ त्यांना उभं करत नसत. मजुरी मिळाली की माणूस संध्याकाळी काहीतरी विकत घेतोच.

शाईचाडाग:
दगडाची जकात उचलली! गजबजलेला बाजार खोडला. आता धक्क्यावर एकच तंबू, त्यात ठेकेदार, आणि राणी त्याच्याकडे तिसऱ्यांदा मुदत मागायला आलीय. ताईला आज रात्री पाठवते.